पाटीवरचे नाव आणि ओठांवरचे नाव

मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी त्याचे बारसे होते. पाळणा सजतो, शेजारणी जमतात आणि आत्या बाळाच्या कानात त्याचे नाव सांगते. नाव ठेवण्याचा हा मान आत्याला मिळतो, कारण ती त्या घरची असते आणि बाळावर तिची माया असते. परक्या माणसाने वाटेवरून जाता जाता बाळाचे नाव ठरवले, तर घरच्यांना ते रुचणार नाही. नाव ठेवणे हा आपलेपणाचा अधिकार आहे.

गावांची जुनी नावेही अशाच आपलेपणातून जन्मली. वडाच्या झाडामुळे वडगाव झाले, पिंपळामुळे पिंपळगाव झाले. कुंभारांची वस्ती होती म्हणून तो भाग कुंभारवाडा ठरला. अशी नावे ठेवण्यासाठी कोणी सभा भरवली नाही की आदेश काढला नाही. लोक बोलत राहिले आणि बोलता बोलता नाव रूढ झाले. अशा नावात त्या जागेची झाडे, पाणी, माणसे आणि त्यांचे उद्योग जपले जातात.

परकीय राज्यकर्ते आले तेव्हा ही रीत बदलली. त्यांनी जागांना दोन प्रकारे नावे दिली. पहिल्या प्रकारात जुनेच नाव त्यांच्या उच्चाराप्रमाणे बदलले. मुंबईचे ‘बॉम्बे’ झाले, पुण्याचे ‘पूना’ झाले, कानपूरचे ‘कॉनपोर’ झाले. दुसऱ्या प्रकारात त्यांनी राणी, राजपुत्र, गव्हर्नर आणि सेनापती यांची नावे रस्त्यांना, बागांना, पुलांना व महाविद्यालयांना दिली. पहिल्या प्रकारात लोकांचा उच्चार हरवला. दुसऱ्या प्रकारात ‘हे गाव आता आमचे आहे’ अशी मुद्राच उमटवली गेली.

म्हणून देश स्वतंत्र झाल्यावर नावे बदलण्याची इच्छा होणे स्वाभाविक होते. भारतापुरती ही गोष्ट मर्यादित नाही. आफ्रिकेतील ‘गोल्ड कोस्ट’ ही वसाहत १९५७ साली स्वतंत्र होताच ‘घाना’ झाली. ‘सिलोन’ने १९७२ साली ‘श्रीलंका’ हे नाव स्वीकारले. ‘ऱ्होडेशिया’ हे नाव सेसिल ऱ्होड्स या साम्राज्यवादी उद्योगपतीवरून पडले होते. तो देश १९८० साली ‘झिंबाब्वे’ झाला आणि दोन वर्षांनी त्याच्या राजधानीचे ‘सॅलिसबरी’ हे नाव जाऊन ‘हरारे’ आले. गुलामीतून सुटलेल्या समाजाला स्वतःला स्वतःच्या नावाने हाक मारावीशी वाटते, हे जगभर दिसून आले आहे.

परंतु नाव बदलले की सारे बदलले, असे मानणे योग्य ठरेल काय? कोणते नाव बदलावे, कोणी बदलावे आणि नव्या नावाचा मान कसा राखावा, या प्रश्नांची उत्तरे घाईने देता येत नाहीत. ती शोधण्यासाठी एका शहराकडे बारकाईने पाहणे उपयोगी पडेल. ते शहर म्हणजे उत्तर प्रदेशाची राजधानी लखनौ. महाराष्ट्रापासून ते दूर असले, तरी तेथील नावांच्या कथेत दोन मराठी माणसे ठळकपणे उभी आहेत.

लखनौ ही अवधच्या नवाबांची राजधानी होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८५६ साली अवधचे राज्य खालसा केले आणि पुढच्याच वर्षी त्या शहरात स्वातंत्र्याचा मोठा संग्राम पेटला. तो मोडून काढल्यावर इंग्रजांनी शहरावर आपल्या नावांची मोहर उठवली. स्वातंत्र्यानंतर शहर गोमती नदीच्या पलीकडे पसरत गेले. तेथे महानगर, इंदिरानगर, गोमतीनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. ‘महानगर’ हे नाव कोणा राजाचे नाही की पुढाऱ्याचे नाही. एका वाढत्या शहराची आकांक्षा त्यात दिसते. अशा नव्या वस्तीला नाव देताना कोणाचे जुने नाव पुसावे लागत नाही. मात्र महानगराहून गोमतीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरले, की एकेका जागेला दोन-दोन नावे भेटू लागतात. खरी परीक्षा तेथे आहे.

हजरतगंज परिसरात एक बाग आहे. इंग्रजांच्या काळात ती ‘व्हिक्टोरिया पार्क’ म्हणून ओळखली जात असे. १५ ऑगस्ट १९६२ रोजी तिला बेगम हजरत महल यांचे नाव देण्यात आले आणि तेथे त्यांचे संगमरवरी स्मारक उभारण्यात आले. बेगम हजरत महल या अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शाह यांच्या पत्नी. राज्य गेल्यावर नवाब कलकत्त्याला गेले. बेगम मात्र लखनौतच राहिल्या. १८५७ साली त्यांनी आपला अल्पवयीन पुत्र बिरजिस कद्र याला गादीवर बसवले आणि लढ्याचे नेतृत्व केले. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यातील आश्वासनांवर लोकांनी विश्वास ठेवू नये, असे बजावणारा उलट जाहीरनामा बेगमांच्या बाजूने काढण्यात आला. पराभवानंतरही त्यांनी इंग्रजांची शरणागती पत्करली नाही. नेपाळमध्ये त्यांनी आश्रय घेतला आणि १८७९ साली काठमांडूत त्यांचे निधन झाले.

या नामांतराचे औचित्य सहज ध्यानात येते. राणीच्या शब्दाला जिने उत्तर दिले, तिचे नाव राणीच्या बागेला मिळाले. ज्या शहरासाठी ती लढली, त्याच शहरात तिचे स्मारक झाले. जुन्या नावाचा त्या मातीशी संबंध केवळ सत्तेचा होता, नव्या नावाचा संबंध त्यागाचा आहे. असे नामांतर इतिहास पुसत नाही. इतिहासात ज्या व्यक्तीची उपेक्षा झाली, तिला ते जागा करून देते.

दुसरे उदाहरण लढ्याचे नाही, विद्येचे आहे. १९२६ साली लखनौमध्ये संगीताचे एक विद्यालय सुरू झाले. राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली या संगीतप्रेमींनी त्यासाठी पुढाकार घेतला. त्यामागे दृष्टी होती पंडित विष्णू नारायण भातखंडे यांची. १८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे जन्मलेले भातखंडे व्यवसायाने वकील होते. तो व्यवसाय बाजूला ठेवून त्यांनी देशभर प्रवास केला, घराण्याघराण्यांतून विखुरलेल्या चिजा मिळवल्या, त्यांचे स्वरलेखन केले आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत आहे. संगीत हे मोजक्या घराण्यांपुरते न राहता कोणाही होतकरू मुलामुलींना शाळेत शिकता यावे, हा त्यांचा ध्यास होता.

त्या विद्यालयाचे उद्घाटन प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या हस्ते झाले आणि त्याला नावही त्यांचेच मिळाले, ‘मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक’. पुढे कितीतरी वर्षे संगीताच्या जगात ‘मॅरिस कॉलेज’ हा शब्द आदराने उच्चारला गेला. पण त्या आदरामागे गव्हर्नरसाहेबांचे कर्तृत्व नव्हते. तो आदर भातखंड्यांच्या अभ्यासाचा, त्यांचे शिष्य पंडित श्रीकृष्ण रातंजनकर यांच्या अध्यापनाचा आणि तेथे रियाज करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कष्टांचा होता. १९६६ साली राज्य सरकारने ही संस्था आपल्याकडे घेतली आणि तिला संस्थापकाचे नाव दिले. आज ती ‘भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय’ या नावाने ओळखली जाते.

येथे नामांतराने एक हिशेब दुरुस्त झाला. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, अशी नोंद वर्षानुवर्षे चालत आली होती. ती पुसून योग्य नोंद झाली. परकीय राजवटीत असे अनेक ठिकाणी घडले होते. लखनौचे कॅनिंग कॉलेज १८६४ साली अवधच्या तालुकदारांच्या पुढाकाराने आणि पैशाने उभे राहिले. नाव मात्र व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांचे लागले. त्या काळी सरकारची मर्जी राखल्याविना संस्था चालवणे अवघड होते. म्हणून लोक पाटीवर साहेबाचे नाव लिहीत आणि पाटीच्या आत आपले काम करीत. अशा संस्थांची नावे पाहून त्या इंग्रजांनी दिलेल्या देणग्या होत्या असे समजणे, हा आपल्याच पूर्वजांवर अन्याय ठरेल.

तिसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि म्हणूनच अधिक शिकवणारे आहे. डिसेंबर १९०५ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राने लखनौमध्ये एका वैद्यकीय महाविद्यालयाची कोनशिला बसवली. पुढे तोच राजपुत्र पाचवा जॉर्ज म्हणून गादीवर आला. १९११ साली सुरू झालेले हे महाविद्यालय ‘किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज’ म्हणून नावारूपाला आले. २००२ साली त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यानंतरच्या काळात त्याला ‘छत्रपती शाहूजी महाराज वैद्यकीय विद्यापीठ’ असे नाव देण्यात आले.

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे नाव लखनौत कसे गेले, असा प्रश्न एखाद्याला पडेल. त्याचे उत्तर महाराजांच्या कार्यात आहे. १९०२ साली त्यांनी आपल्या संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. या कार्याची कीर्ती उत्तरेत पोहोचली होती. १९१९ साली कानपूर येथे भरलेल्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत त्यांना ‘राजर्षी’ ही पदवी देण्यात आली. महाराष्ट्रात त्यांच्या नावामागे आज जी पदवी सहज लागते, ती उत्तर प्रदेशातील लोकांनी दिलेली आहे. तेव्हा शाहू महाराजांचे नाव त्या प्रदेशाला परके नव्हते. ज्यांना शतकानुशतके शाळेच्या दाराबाहेर उभे राहावे लागले, त्यांना त्या नावात आपला कैवारी दिसत होता.

असे असूनही लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठावर हे नाव टिकले नाही. सरकार बदलले की नाव बदलू लागले. एका राजवटीने दिलेले नाव दुसरीने काढले, पुन्हा पहिली आली तेव्हा पुन्हा दिले. अखेर २०१२ साली ‘किंग जॉर्ज’ हे नाव परत आले. स्वतंत्र भारतात इंग्रज राजाचे नाव जाऊन लोककल्याणकारी भारतीय राजाचे नाव आले होते, आणि तेच पुन्हा काढले गेले. त्याच सुमारास अमेठीच्या जिल्ह्याबाबतही असेच घडले. २०१० साली तो ‘छत्रपती शाहूजी महाराज नगर’ या नावाने निर्माण झाला. २०१२ साली ते नावही गेले.

यात उणे कोणाचे? शाहू महाराजांचे तर खासच नव्हे. किंग जॉर्ज हे नाव टिकावे असे म्हणणाऱ्या सर्वांना इंग्रज राजाचे प्रेम होते, असेही नाही. जवळजवळ एका शतकात त्या नावाभोवती डॉक्टरांच्या पिढ्यांची ओळख आणि रुग्णांचा विश्वास गोळा झाला होता. अशा वेळी नवे नाव लोकांच्या गळी उतरायचे असेल, तर ते का दिले जात आहे हे शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि शहराला समजावून सांगावे लागते. ते झाले नाही, तर थोर नावही एका पक्षाचे नाव ठरते आणि पक्षाबरोबर जाते. याउलट कानपूरच्या विद्यापीठाला १९९७ साली दिलेले शाहू महाराजांचे नाव आजही कायम आहे. त्याच शहराने त्यांना ‘राजर्षी’ म्हटले होते. जेथे नात्याचे मूळ खोल असते, तेथे नाव रुजते.

शाहू महाराजांच्याच चरित्रातील एक गोष्ट येथे आठवण्याजोगी आहे. १९०१ साली कोल्हापुरात त्यांच्या प्रेरणेने जे वसतिगृह निघाले, त्याचे नाव ‘व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग’ होते. नाव राणीचे होते, पण त्या छपराखाली खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची मुले राहून शिकली. महाराजांनी पाटीची चिंता केली नाही, आतल्या मुलांची केली. यावरून नावांना काही किंमत नाही असा अर्थ काढणे चुकीचे होईल. नाव आणि काम यांत काम मोठे, एवढाच बोध त्यातून घ्यायचा.

आता चौथा विचार लोकांच्या बोलण्याचा. सरकार पाटी बदलू शकते. लोकांची जीभ मात्र कोणाचा हुकूम मानत नाही. १९१४ साली लखनौत गोमतीवर बांधलेल्या पुलाला व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांचे नाव होते. पण इंग्रजांचे राज्य असतानाही आणि नसतानाही त्याच्या रंगावरून लोक त्याला ‘लाल पूल’च म्हणत आले. साहेबाचे नाव लोकांनी मनावरच घेतले नाही. १९२१ साली राजपुत्राच्या भेटीची आठवण म्हणून सुरू झालेल्या प्राणिसंग्रहालयाला २०१५ साली नवाब वाजिद अली शाह यांचे नाव मिळाले. तरी मुलांसाठी ते साधे ‘चिडियाघर’च आहे. हिवेट रोड या रस्त्याला शिवाजी मार्ग असे नाव मिळाले, पण पत्ता लिहिताना आजही दोन्ही नावे शेजारी-शेजारी लिहिली जातात. हजरतगंजच्या मुख्य चौकाला २०१८ साली अटल बिहारी वाजपेयी यांचे नाव देण्यात आले. ते अनेक वर्षे लखनौचे खासदार होते. तरीही त्या परिसराला लोक हजरतगंज म्हणूनच ओळखतात.

मुंबईतही हेच चित्र आहे. भायखळ्याच्या बागेचे नाव आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. तरी मुले हट्ट धरतात तो ‘राणीच्या बागेत’ जाण्याचा. ती राणी कोण, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते. फोर्ट भागातील सातव्या एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलवण्यात आला, पण त्या जागेला लोक ‘काळा घोडा’च म्हणत राहिले. शेवटी २०१७ साली तेथे काळ्या घोड्याचा नवा पुतळा बसवला गेला, आणि त्याच्या पाठीवर स्वार नाही. राजा गेला, घोडा राहिला! लोकस्मृती काय ठेवते आणि काय टाकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मात्र लोक नवी नावे स्वीकारतच नाहीत, असे नाही. १९९५ साली ‘बॉम्बे’चे अधिकृत नाव ‘मुंबई’ झाले, तेव्हा मराठी माणसाला नवीन काही शिकावे लागले नाही. तो आधीपासून मुंबईच म्हणत होता. कागद फक्त त्याच्या उच्चाराजवळ आला. ‘फ्लोरा फाउंटन’ या जागेला ‘हुतात्मा चौक’ हे नाव मिळाले आणि ते लोकांनी मनापासून उचलले, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण वेचणाऱ्यांच्या आठवणी घराघरांत ताज्या होत्या. ज्या नावामागची कथा लोकांना ठाऊक असते, ते नाव आपोआप ओठांवर येते.

याच ठिकाणी एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. आदर दाखवण्याच्या ओघात नावे लांबलचक होतात आणि मग त्यांची आद्याक्षरे उरतात. मुंबईचे ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ १९९६ साली ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ झाले. २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. हेतू आदराचा होता. पण ‘व्हीटी’ म्हणणारे लोक ‘सीएसटी’ म्हणू लागले आणि पुढे ‘सीएसएमटी’. गावोगावच्या महात्मा गांधी मार्गांचे ‘एम. जी. रोड’ झाले. इंग्रजी नाव काढून इंग्रजी अक्षरे मिळवली, असा हा व्यवहार झाला. ज्या थोर व्यक्तीचा गौरव करायचा, तिचे नाव निदान उच्चारले जाईल एवढे तरी सुटसुटीत असावे.

नामांतराला विरोध करणाऱ्यांचे काही मुद्दे विचारात घेण्यासारखे आहेत. पाट्या, शिक्के, नकाशे, दाखले आणि ओळखपत्रे बदलण्यासाठी पैसा खर्च होतो. साध्या माणसाला त्याचा त्रास अधिक होतो. एका कागदावर जुने नाव आणि दुसऱ्यावर नवे नाव असले, की कचेरीतल्या खिडकीपाशी त्याची अडवणूक होऊ शकते. शिवाय केवळ नाव राहिल्याने गुलामी राहत नाही. गोवा १९६१ साली मुक्त झाला, पण तेथील वास्को-द-गामा या शहराचे नाव तसेच राहिले. त्यामुळे गोमंतकीयांचे स्वातंत्र्य तसूभरही कमी झाले नाही.

परंतु ‘नावात काय ठेवले आहे’ असे म्हणून हा प्रश्न झटकताही येत नाही. ज्यांची नावे नेहमीच पाट्यांवर झळकत आली, त्यांना असे म्हणणे सोपे असते. ज्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली, त्यांच्यासाठी नाव म्हणजे समाजाने दिलेली मान्यता असते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यात हिंसाचार उसळला, दलितांची घरे जळाली, माणसे मेली. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला, तोपर्यंत सोळा वर्षांचा संघर्ष घडून गेला होता. तेथे परकीय सत्तेचे नाव पुसायचे नव्हते. तरीही एका नावासाठी माणसांनी एवढे सोसले, यावरून नावाचे मोल कळते. त्या नामविस्तारात जुने नाव राखून नवे जोडले गेले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

या सर्व उदाहरणांवरून नामांतरासाठी काही कसोट्या ठरवता येतील. पहिली कसोटी नात्याची. नवे नाव ज्या व्यक्तीचे, तिचा त्या जागेशी, तेथील माणसांशी किंवा तेथील कार्याशी खरा संबंध असावा. दुसरी कसोटी संमतीची. जे लोक त्या रस्त्यावर राहतात, त्या संस्थेत शिकतात, त्यांच्याशी आधी बोलावे. तिसरी कसोटी स्मृतीची. नव्या पाटीखाली जुने नाव आणि बदलाचे वर्ष दोन ओळींत लिहावे. त्यामुळे इतिहास पुसल्याची तक्रार उरणार नाही आणि पुढच्या पिढीला दोन्ही काळ समजतील. चौथी कसोटी कार्याची. शिक्षणासाठी झटलेल्या पुरुषाचे नाव दिले, तर त्या जागी गरिबाच्या मुलाला शिकता आले पाहिजे. नाव मोठे आणि लक्षण खोटे अशी गत झाली, तर तो त्या थोर व्यक्तीचा गौरव नसून उपहास ठरतो.

आणखी एक भेद विसरून चालणार नाही. परकीय सत्तेने लादलेले नाव वेगळे आणि आपल्याच भूमीत पिढ्यानपिढ्या घडलेले नाव वेगळे. हजरतगंज, अमीनाबाद, कैसरबाग ही नावे नवाबी काळातली आहेत. तेथील हिंदू-मुसलमान, व्यापारी-कारागीर, गायक-कवी अशा सर्वांनी मिळून ती घडवली आणि वापरली. अशा नावांना वसाहतीच्या नावांच्या रांगेत बसवणे न्याय्य नाही. एका काळाचे ओझे उतरवताना दुसऱ्या काळाची ठेव फेकून देऊ नये.

नाव बदलणे हे एका दिवसाचे काम आहे. पडदा सरकतो, टाळ्या वाजतात, छायाचित्रे निघतात आणि पाहुणे निघून जातात. त्यानंतरचे काम नागरिकांचे असते. हजरतगंजच्या बागेतून रोज कितीतरी माणसे ये-जा करतात. त्यांपैकी एखादा क्षणभर थांबून स्मारकावरचे नाव वाचतो, ही बेगम कोण होती असे शेजारच्याला विचारतो, आणि शेजारी त्याला ती हकिगत सांगू शकतो; तेव्हा ते नामांतर खऱ्या अर्थाने पूर्ण होते. एके काळी पाट्या कोणी लिहाव्या हे राज्यकर्ते ठरवीत आणि त्या वाचण्याची विद्या फार थोड्यांपाशी होती. ज्याला पाटी वाचता येते, त्याला ती का लावली आणि कोणाला विचारून लावली, असा प्रश्नही करता येतो. स्वतंत्र देशातील नागरिकाचा हा अधिकार कोणत्याही पाटीवरच्या नावाहून मोलाचा आहे.